वाघजाईनं दिलेला उजवा कौल

गेल्या वर्षीच्या नवरात्रात मी देवळात जायला घाबरू लागले होते. हे लिहिताना आजही संकोच वाटतो, कारण त्याच दिवसांत गावातली माणसं माझ्या पाया पडत होती. आपल्याला जे होतंय ते देवीचं आहे की आपलंच काही बिघडलंय, हे मला कळत नव्हतं आणि विचारावं असं कोणी दिसत नव्हतं. मला नीट सांगता येईल की नाही माहीत नाही, पण जसं घडलं तसं लिहिते.

तिकोणा पेठेच्या अलीकडे, पवना धरणाच्या बाजूला आमचं लहानसं गाव आहे. आण्णा, म्हणजे माझे वडील, धरणाकाठच्या एका बंगल्यावर माळीकाम करतात. आई घर आणि भाताची दोन खाचरं सांभाळते. घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. लोणावळ्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला ब्युरेटची तोटी फिरवत असताना एक दिवस अचानक छाती धडधडायला लागली. हातांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना, आणि आपण आता इथेच मरणार असं अगदी स्पष्ट वाटलं. वीस मिनिटांत सगळं ओसरलं. आण्णांनी डॉक्टरकडे नेलं. छातीची ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं, सगळं चांगलं आलं. आई सुटल्यासारखी हसली. मी मात्र जास्तच घाबरले. सगळं चांगलं आहे, तर मग मला होतंय ते काय?

पुढे ते एसटीत झालं, मग वर्गात झालं. पुन्हा होईल या धास्तीनं मी बस टाळू लागले. घरी सांगायचे, तास नाहीत. खरं म्हणजे मी सकाळी थांब्यापर्यंत जाऊन परत येत होते. आण्णांना कुणकुण लागली तेव्हा ते चिडून म्हणाले, "शिकून शिकून येडी झाली का काय पोर!" त्या एका शब्दाची आमच्या घरात सगळ्यांनाच भीती होती, आण्णांना सर्वांत जास्त.

आणि मग नवरात्रातली ती सकाळ. आमच्या गावची देवी वाघजाई. दर मंगळवारी आणि नवरात्रात रोज तिच्या आरतीला संबळ वाजतो. त्या दिवशी गाभाऱ्यात गर्दी होती, धुपाचा धूर कोंडला होता. संबळाचा ठेका वाढला तसं माझं काळीज त्याच्याबरोबर धावायला लागलं. अंग थरथरू लागलं, केस सुटले, मी खाली बसले. कोणीतरी ओरडलं, "वारं आलं! वाघजाईच्या नावानं चांगभलं!" कपाळाला भंडारा लागला, आईनं रडत माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

आमच्याकडे ज्याच्या अंगात देवी येते त्याला देवीचं झाड म्हणतात. गावचं झाड म्हणजे ठकूआजी. पण त्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी इंदुरी गावी लेकीकडे गेल्या होत्या, आणि त्यांची जागा त्या नवरात्रात रिकामी होती. गावाला वाटलं, देवीनं नवं झाड निवडलं. आई-आण्णांनी ते दोन्ही हातांनी धरलं. मी त्यांना दोष देत नाही. पोरगी येडी असण्यापेक्षा देवीची असणं कोणाला नको वाटेल? मलाही, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. आण्णा स्वतः देवळात माझ्यासाठी पाट मांडायचे. कॉलेजचा विषय कोणी काढेनासं झालं. फक्त दर मंगळवारी संबळ वाजला की मला मरणाची भीती वाटायची, आणि ती भीती लोक भक्तिभावानं बघत उभे राहायचे. मी मनात एकच म्हणायचे, आई वाघजाई, ही तू असशील तर मला इतकी भीती का वाटते? एवढं तरी सांग.

कोजागिरीनंतरच्या मंगळवारी शेजारच्या सखूकाकी पाटासमोर येऊन बसल्या. त्यांच्या यजमानांना साखरेचा आजार आहे. त्या पदर पसरून म्हणाल्या, "आई, ह्यांची गोळी चालू हाय तीन वरसं. तुजा अंगारा देऊन ती बंद करू का? व्हय म्हनत असशील तर मान हालीव."

माझी मान हलतच होती. ती मी हलवत नव्हते, थांबवूही शकत नव्हते. तोंडातून शब्द फुटत नव्हता. काकींनी माझ्या पायावर डोकं टेकलं. "दिला आईनं सबूद!" मला सगळं कळत होतं. या बाईच्या घरी आता गोळ्या बंद होणार, आणि ते माझ्यामुळे. त्या क्षणी मी देवीला जितक्या कळवळून हाक मारली तितकी आजवर कधी मारली नव्हती.

"ए सखू, ऊठ तितनं."

दारात काळा चष्मा लावलेल्या ठकूआजी उभ्या होत्या. त्या त्याच सकाळी गावात आल्या होत्या. काठी टेकत पुढे आल्या, संबळवाल्याला हातानंच थांबवलं आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या. माझं मनगट धरलं. "हात बगा हिचे, बर्फावानी झालेत. ही देवी न्हाई. पोरगी भ्यालीया."

गुरव चाचरत म्हणाले, "आजी, पन समद्यांनी बघितलं…"

"समद्यांनी बघितलं, पन इचारलं का कुनी तिला? चाळीस वरसं माज्या अंगात येतंय. ती येती तवा भ्या जातं रं, येत न्हाई." मग मला हळूच म्हणाल्या, "तुला काय वाटतं गं तवा?"

"मरेन असं वाटतं, आजी." एवढंच बोलले आणि रडू फुटलं.

त्यांनी कमरेची चंची सोडली. सुपारीच्या खांडांखालून गोळ्यांची एक पट्टी काढून सगळ्यांना दिसेल अशी धरली. त्यांनी सांगितलं, म्हातारा गेल्यावर दोन वर्षं त्यांना झोप नव्हती, चुलीपुढे बसून राहायच्या, विहिरीचे विचार यायचे. लेकीनं तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडे नेलं, तेव्हापासून ही गोळी. आमच्या गावाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सखूकाकींच्या तोंडून निघून गेलं, "आगं बया, देवीच्या झाडाला येड्याची गोळी?"

"झाडाला कीड लागली तर फवारत न्हाईस व्हय तू?" आजी म्हणाल्या. "आन् नवऱ्याची गोळी बंद केलीस तर माज्याशी गाठ हाय. साखर देवीला इचारून वाढली न्हाई त्याची."

आण्णा मान खाली घालून उभे होते. त्यांच्यासाठी, मला वाटतं, आजींनी गुरवांना कौल लावायला सांगितलं. देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. पोरीला दवाखान्यात न्यावं का, असं गुरवांनी विचारलं. आण्णांची नजर फुलांवर खिळली होती. आजी माझ्या कानाशी पुटपुटल्या, "डावं पडलं तरी नेनार हाय मी तुला." आणि उजवं फूल पडलं.

मी विज्ञान शिकते. ओलं फूल कधी ना कधी सुटतंच हे मला कळतं. त्यावर मी वाद घालणार नाही. मी देवीला एक प्रश्न विचारला होता, आणि ज्या मंगळवारी माझ्या थरथरण्यानं एका माणसाचं वाईट होणार होतं, नेमक्या त्या मंगळवारी उत्तर द्यायला आजी दारात उभ्या राहिल्या. मला एवढं पुरे आहे.

दवाखान्यातल्या बाकावर वेड्यांची रांग दिसेल अशा तयारीनं मी गेले होते. तिथे आमच्यासारखीच माणसं होती. एक बाळंतीण होती, तिला बाळाकडे बघवत नव्हतं. एका काकांचे हात धुऊन धुऊन सोलवटले होते. एक हॉटेलात काम करणारा दादा होता, तो म्हणाला, कशातच मन लागत नाही, जेवणसुद्धा मातीसारखं लागतं. प्रत्येकाच्या दुखण्याला नाव होतं आणि प्रत्येकासाठी काही ना काही उपचार होता. माझ्या दुखण्यालाही नाव होतं, पॅनिक डिसऑर्डर. डॉक्टर मॅडमनी मला विचारलं, "धरणातून पाणी सोडायच्या आधी भोंगा वाजतो ना? लोकांनी नदीतून बाहेर यावं म्हणून. तुझा भोंगा चांगलाच आहे, फक्त पाणी नसताना वाजतोय. त्यानं तू मरणार नाहीस. त्याला शांत करू." आण्णांनी दबकत विचारलं, "म्हंजे येड न्हाई?" मॅडम म्हणाल्या, "नाही हो. आजार आहे, आणि बरा होणारा आहे." परत आल्यावर घरापाशी गाडीवरून उतरताना आण्णा म्हणाले, "त्या दिवशी येडी म्हनलो. चुकलं माजं."

गोळीनं लगेच काही झालं नाही. पहिले आठ-दहा दिवस मळमळलं, गुण दिसायला महिना लागला. बरं वाटायला लागल्यावर आईनं म्हटलं, आता बंद कर. आमच्या ओट्यावर बसलेल्या ठकूआजी तिथूनच ओरडल्या, "लोंबी दिसली की भात कापतीस का गं तू?" मॅडमनीही तेच सांगितलं होतं: मनानं बंद करायची नाही, कमी करायची वेळ त्या ठरवतील. तिथल्या समुपदेशक ताईंनी मला भीतीपासून पळायचं नाही हे शिकवलं. आधी नुसतं थांब्यावर उभं राहायचं. मग पवनानगरपर्यंत जायचं. मग लोणावळा. छाती धडधडली तरी उतरायचं नाही; श्वास सावकाश सोडायचा आणि लाट ओसरू द्यायची. लोणावळ्याच्या पहिल्या फेरीला ठकूआजी सोबत आल्या. "आमास्नी यष्टी फुकट हाय, तुजं तिकीट तू काढ," म्हणून खिडकीशी बसल्या. वाटेत मला दोनदा वाटलं की उतरावं. दोन्ही वेळा आजींनी माझा हात धरला नाही, फक्त खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "जाईल. येतं तसं जातं."

वर्ष झालं. राहिलेलं प्रॅक्टिकल मी पुन्हा दिलं. ब्युरेटच्या शेवटच्या थेंबानं द्रावण फिकट गुलाबी झालं आणि तोटी मी वेळेवर बंद केली. गोळी अजून चालू आहे, आता निम्मी. ती मी देवघरापाशी ठेवते आणि देवीला नमस्कार करून घेते. शरण जायचं म्हणजे काय हे मला पूर्वी कळत नव्हतं. मला वाटायचं, डोळे मिटून पडून राहायचं. आता वाटतं, तिनं ज्यांना पाठवलं त्यांचं ऐकायचं, रोज, कंटाळा आला तरी.

यंदाच्या नवरात्रात मी पुन्हा आरतीला गेले. धूर तसाच होता, गर्दी तशीच. संबळाचा ठेका वाढला आणि छातीत धडधड सुरू झाली. मी श्वास सोडला आणि उभी राहिले. पुढे पाटावर ठकूआजी होत्या. शेजारी सखूकाकी टाळ्या वाजवत होत्या, त्यांचे यजमान प्रसादाच्या नारळाची शेंडी सोलत होते. धडधड आली तशी गेली. आरती संपली, भंडारा वाटला, माणसं पांगली. त्या दिवशी मला कोणी काही विचारलं नाही, कोणी पाया पडलं नाही. सगळ्यांच्या मागे, खांबापाशी, मी हात जोडून उभी होते, आणि पहिल्यांदाच मला देवीचा चेहरा नीट दिसला.