बाईंनी कोरलेली बाई

ड्रॉइंगच्या बाईंना त्यांच्या सख्ख्या भावाने फसवले. तेही त्या गेल्यावर, त्यांना उलट बोलता येत नव्हते तेव्हा.

शहाद्याच्या शाळेत त्या चित्रकला शिकवत. घरी लिनोच्या, म्हणजे रबरासारख्या मऊ पत्र्याच्या, तुकड्यांवर बायका कोरत. सुटलेल्या पोटाच्या, भेगाळलेल्या टाचांच्या. मग शाई फिरवून कागदावर छापा घ्यायला माझ्या पापडाच्या कारखान्यात येत. माझे मोडीत काढलेले लाटायचे यंत्र त्यांना हवे असे. मी फुकट काही देत नाही. म्हटले, "दर चित्राचा पहिला छापा माझा."

"पहिला फिका येतो, अक्का."

"मग दुसरा."

हसून कबूल झाल्या.

एकदा त्यांनी मला कोरले, वरच्या ओठावरच्या लवेसकट. मी भडकले, "मन्ही मिशी काढ आधी!"

"कोरलेलं बुजत नाही. आणि ही मिशी घेऊनच बाजारात भांडता ना? मग चित्रातच का नको?"

आठवडाभर मी अबोला धरला. मग तो छापा गल्ल्यामागे टांगला. त्याच्याकडे पाहून गिऱ्हाईक हसले की मी भाव सोडत नाही.

पुढे नाशिकला ऑपरेशन होऊन बाईंची एक छाती गेली. घरातला आरसा त्यांनी चादरीने झाकला. कित्येक दिवसांनी कोरायला बसल्या. छापा निघाला तेव्हा यंत्राचे चाक मीच फिरवत होते. एका छातीची उघडी बाई, टाक्यांची पांढरी रेघ, मान ताठ. पापड लाटणाऱ्या बायका लाटणी टाकून जवळ आल्या. बाई म्हणाल्या, "हाई मी शे. आते माले चालस."

शेवटच्या दुखण्यात त्यांनी भावाला माझ्यादेखत सांगितले, "प्रदर्शन कर, पण हाच एका छातीचा छापा दारात लाव." त्याने हातावर हात ठेवून शब्द दिला.

वर्षश्राद्धानंतर प्रदर्शन लागले. दारात तेच चित्र, मोठे करून. छात्या दोन. टाके गायब. संगणकावर नीट करून घेतले म्हणे.

"दादा, तुन्ही बहीणले एकच छाती व्हती. हाई दुसरी कोठून लई उना?"

"हळू बोल, अक्का. चार लोके येतस. चांगलं दिसाले पाहिजे ना?"

लिनोचा मूळ तुकडा मागितला, तर तो म्हणे अस्थींबरोबर प्रकाशा गावी तापी नदीत सोडला. मी घरून माझ्या वाट्याचा, एका छातीचा छापा आणून शेजारी लावला. त्याने सगळ्यांसमोर तो उतरवला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला.

दादा, ज्या लोकांना ते खोटे चित्र दाखवलेस, त्याच लोकांना पुन्हा बोलाव आणि त्यांच्यासमोर सांग, तुझी बहीण तुला कुठे कमी वाटली?