हवालदारांनी शिकवलेला दाब

ज्ञानू हवालदार गेल्याचं पत्र कुपवाडला आमच्या वर्कशॉपमध्ये पोचलं, तेव्हा त्यांचा दहावाही उरकला होता. मेढ्याजवळ गावी, शेतात काम करताना छातीत कळ आली आणि ते गेले. हजेरीचा कारकून मीच, म्हणून पत्र मीच मोठ्यानं वाचलं. मशिनी थोडा वेळ बंद राहिल्या, मग सुरू झाल्या...

लष्करात ते जखमींची मलमपट्टी करणाऱ्या पथकात होते. बांगलादेशच्या लढाईनंतर पेन्शन घेऊन आमच्याकडे वॉचमन म्हणून लागले आणि आल्या आल्या मालकांकडे एक पत्र्याची पेटी मागितली. धुतलेल्या धोतरांचे तुकडे तिच्यात घड्या करून ठेवले. शनिवारी चहानंतर ते सायकलची जुनी ट्यूब नळाला जोडत, तिला चीर पाडत आणि एकेकाला गुडघ्यावर बसवून कापडानं पाणी थांबवायला लावत. "कोपर ताठ. हाताचा जोर नगं, अंगाचा भार टाका. जखम खोल आसंल तर कापड आत कोंबा. भिजलं तर वरनं दुसरं ठेवा. पन उचलून बघायचं न्हाई." कामगार हसायचे. मीही म्हणालो, "हवालदार, माझ्या हातून शाईच सांडायची फक्त." त्यांनी ट्यूब माझ्यापुढं सरकवली.

पुढच्या उन्हाळ्यात मुलीच्या लग्नासाठी ते आठ दिवस गावी गेले होते. त्याच आठवड्यात माण तालुक्यातल्या महादू नावाच्या कामगाराच्या हातून पत्रा निसटला आणि त्याच्या धारेनं मांडी खोल कापली. रक्त उसळत होतं. माणसं मागं सरली. मी पेटी घेऊन पुढं कसा झालो, हे मला आजही सांगता येत नाही. कापड कोंबलं, गुडघ्यावर बसलो, भार टाकला. "सायेब, लय दुखतंय, सोडा," महादू म्हणत होता. मी सोडलं नाही. पण टेम्पोत घालून सांगलीला नेताना, थांबलं असावं असं वाटून मी एकदा कापड उचललं... रक्त पुन्हा उसळलं. त्यानंतर दवाखान्यात डॉक्टरांनी माझे हात धरून बाजूला करेपर्यंत मी ते हलवले नाहीत. महादू वाचला. काही महिन्यांनी जरासा लंगडत कामावर आला.

हवालदार लग्न उरकून परतले, तेव्हा मी शाबासकीच्या आशेवर होतो.

"कापड उचललंसा का?" त्यांनी विचारलं.

"एकदा. थांबलं असं वाटलं."

"वाटतंय तसं," एवढंच म्हणून ते पेटीत नवे तुकडे भरू लागले. मला त्यांचा राग आला आणि खरं सांगायचं तर तो बरेच दिवस गेला नाही. पुढं ते नोकरी सोडून गावी गेले, तेव्हाही मी निरोपाला दोन वाक्यांपलीकडे बोललो नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या घरी भेटून आलो. मी कुपवाडचा म्हटल्यावर त्यांच्या पत्नींनी ट्रंकेतून हवालदारांनी कुपवाडहून धाडलेलं एक जुनं अंतर्देशीय पत्र काढलं. "मला वाचाय येत न्हाई. तवा शाळंतल्या गुरुजींनी वाचून दावलं. पन त्यात शेवटाला लिवलेला त्यो मानूस कोन, ते ह्यांनी कवाच सांगितलं न्हाई. तुमास्नी ठावं हाय का?"

पत्रात खुशाली होती, पाहुण्यांची चौकशी होती. सगळ्यात खाली, वेगळ्या ओळीत लिहिलं होतं : इथं एक माणूस वाचला. मी नव्हतो तरी वाचला.

"महादू," मी म्हणालो. "त्याचं नाव महादू." मग पहिल्यापासून सगळं सांगत गेलो, मी कापड उचललं होतं तेसुद्धा.