काळजापासून हातभर

आमच्या सासऱ्यांनी आयुष्यात टेप किंवा फूटपट्टी कधी वापरली नाही. डावं कोपर टेकवायचं, पंजा लांब करायचा आणि मधल्या बोटाच्या पुढं उजव्या हाताची दोन बोटं आडवी लावायची. झालं अंतर. शेगडीपासून पोर, भिंतीपासून पलंग, इस्त्रीपासून पडदा, सगळं याच मापानं. कोयनानगरच्या वसाहतीत त्यांना तोंडावर ‘हातभर तात्या’ म्हणत आणि माघारी नुसतंच ‘हातभर’. मी जावई, म्हणून माझे ते हातभर मामा.

वर ती दोन बोटं कशाला, असं मी एकदा विचारलं. त्यांनी डावा पंजा माझ्यापुढं धरला. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही आत वळून कायमची आखडलेली. मामा धरणाच्या वीजघरात नोकरीला होते. तरुणपणी तिथल्या तारांच्या यार्डात काम करताना विजेनं त्यांना झटकलं होतं. “हातभर ऱ्हायाचं तितं वीतभर गेलो,” ते म्हणाले. “माझा हात आता दोन बोटं कमी भरतुया. म्हणून वर दोन बोटं.” एवढं बोलून ते चहा ओतायला लागले. वाचलो हे सुदैव, असलं काही नाही. हिशेब चुकला होता तो त्यांनी दुरुस्त करून घेतला होता, बस्स.

मी सांगलीचा, घरची हळदीची पेढी. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि आमच्या पेठेत मोबाइल घेणारा मी दुसरा. पहिला कोण ते सांगणार नाही, अजून पोटात दुखतं. विटेएवढं ते यंत्र मी शर्टाच्या खिशात ठेवायचो, अँटेना बाहेर काढून. खिसा लोंबायचा, शर्ट एका बाजूला ओढायचा, पण रुबाब काय विचारता! त्याच थाटात मी वडिलांबरोबर मुलगी बघायला कोयनानगरला गेलो.

समोर मुलीचे दोन काका. एक शिक्षण विचारतोय, दुसरा व्यसन विचारतोय. आता काहीतरी करून दाखवायला हवं असं वाटलं आणि मला अवदसा आठवली. फोन काढला, अँटेना ताणली आणि सुरू झालो, “हॅलो! हां, बोला शेठ. नाही नाही, आज सौदे थांबवा. मी घरगुती कामात आहे. उद्या बघू.” फोन खिशात ठेवला. काकांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. वडिलांनी तर मान अशी ताठ केली की बास.

कोपऱ्यात बसलेले मामा तेवढे हलले नाहीत. शांतपणे उठले, पाणी सांगायच्या निमित्तानं आत जाऊन आले आणि मला म्हणाले, “पाव्हणं, वाईच मागं चला. पपई दावतो.”

क्वार्टरच्या मागं पपईचं एक झाड होतं. मामांनी एका पपईवर टिचकी मारली आणि मग माझ्या खिशाकडं बघितलं.

“टावर कराडात हाय. मधी एवढं डोंगर. हितं आजपातूर कुणाचा मोबाइल वाजला न्हाई. शेठजी कुठनं बोलत हुतं, धरणातनं?”

धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं असं वाटलं. त्या भूकंपाच्या गावात ते अगदीच अशक्य नव्हतं म्हणा, पण तेवढ्यापुरती तीही गप्प राहिली. मी कसंबसं म्हणालो, “मामा, मुलीला सांगू नका.”

“एका अटीवर,” मामा म्हणाले. कोपर माझ्या छातीवर टेकवलं, पंजा हवेत लांब केला, वर दोन बोटं लावली. “ते यंत्र काळजापास्नं एवढं लांब. खिशात ठिवलेलं दिसलं की म्या सांगणार.” मग घरात येऊन मोठ्यानं म्हणाले, “पाव्हण्यास्नी पपई पसंत हाय बरं का!” तेवढ्यात सुनंदा पोहे घेऊन बाहेर आली. तिनं माझ्याकडं एकदाच बघितलं आणि खाली मान घालून हसली. लाजली असेल असं मला वाटलं.

लग्न झालं आणि माझा जाच सुरू झाला. अट एक होती, तिला फाटे फुटले. उशाशी फोन नको. बोलणं थोडक्यात, आणि लांबलंच तर कान बदलायचा. आजारी माणसाजवळ नको, गरोदर बाईजवळ तर नकोच नको. मी जरा चुकलो की मामा सगळ्यांदेखत विचारायचे, “जावईबापू, पपई पिकली का वो?” माझा हात विंचू चावल्यासारखा खिशाकडं जायचा. सुनंदा विचारायची, “अण्णा, कसली पपई?” आणि मामा साळसूदपणे म्हणायचे, “हाय एक आमची.”

मला तिची भीती होती, खोटं कशाला बोलू. सुनंदाला थापाड्या माणसाचा मनस्वी तिटकारा. दूधवाला पाण्याबद्दल खोटं बोलला तर तिनं दूधवाला बदलला होता. नवरा कसा बदलणार? पण आपल्या संसाराचा पाया एका न आलेल्या फोनवर घातलाय, हे तिला कळलं तर ती माझ्याकडं परत तशी बघणार नाही, याची मला खात्री होती. म्हणून मी निमूट सगळं पाळत होतो.

एकदा चिडून विचारलं, “मामा, पण या किरणांनी होतं तरी काय?”

“मला ठावं न्हाई,” ते म्हणाले. मी उसळून काही बोलणार तेवढ्यात त्यांनी आखडलेली बोटं वर केली. “आन् ज्येला ठावं हाय त्यो अजून मला भेटला न्हाई. भेटंपातूर हातभर.”

मी पुण्याहून कानात घालायची वायर आणली. फोन पिशवीत, पिशवी हातभर लांब आणि वायर कानात. मामा खूश. पेठेत मात्र बोभाटा झाला की हळदवाल्याचा पोरगा लग्नानंतर एकटाच बडबडत फिरतो. एका म्हाताऱ्या हमालानं तर लिंबूही उतरून टाकलं माझ्यावरून.

एकदा दोघं जीपनं कोयनेच्या रस्त्यानं चाललो होतो. रेंज येत होती, जात होती, आणि मी फोनवर ओरडत होतो. मामांनी ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावली. “डोंगरापल्याडच्या माणसाला हाक मारायची तर कसं वरडावं लागतं? बेंबीच्या देठापास्नं. त्या यंत्राचंबी तसंच. टावर लांब, की ते जीव खाऊन वरडतं, आन् तुमी ते कानाला लावून बसलाय! पाटणात गेल्यावर बोला. हळद काय पळून जात न्हाई.” हळद खरंच पळाली नाही. दोन दिवसांनीही तोच भाव मिळाला.

पण मामांचंही एकदा चुकलं, आणि चुकलं ते त्यांच्यासारख्या यार्डातल्या माणसाचंच चुकावं तसं. निवृत्त होऊन ते कराडला राहायला आले होते. सुनंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, तेव्हा मामा सांगलीला पेढीवर आले, बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा घेऊन. डब्याला त्यांनी तांब्याची तार डाख देऊन जोडली होती. ती तार त्यांनी स्वतःच्या हातानं नळाच्या पाइपला बांधली. अर्थिंग! “आता किरण सुटला तर सरळ जमिनीत,” असं म्हणून माझा फोन आत ठेवला आणि झाकण गच्च लावलं.

चार दिवसांनी दुपारी कराडला सुनंदाला कळा सुरू झाल्या. पेढीचा साधा फोन बंद पडलेला होता. मामा दवाखान्यासमोरच्या बूथवरून मोबाइल लावतायत, लावतायत, आणि पलीकडून एक बाई दर वेळी तेच गोड आवाजात सांगतेय की हा ग्राहक संपर्काच्या बाहेर आहे. ग्राहक डब्याशेजारी बसून वर्तमानपत्र वाचत होता. शेवटी त्यांनी सांगलीच्या एसटीच्या कंडक्टरकडं चिठ्ठी दिली, ती हातोहात पेढीवर आली आणि मी तसाच निघालो. पोचलो तेव्हा मुलगी होऊन तीन तास झाले होते.

मामा दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. मला बघून उभे राहिले. कोपर नाही, बोटं नाहीत, दोन्ही हात नुसते खाली सोडलेले. “चूक माझी,” ते म्हणाले. “पत्र्यात कोंडलं तर भायेरची हाक आत येत न्हाई, आन् आतली भायेर जात न्हाई. यार्डातलं सगळंच घरात चालत न्हाई. सुनंदा तुमच्या नावानं वरडत हुती वो.” त्यांचे डोळे भरून आले होते. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. आमच्याकडं सासऱ्याला मिठी मारत नाहीत, म्हणून मी पाया पडलो.

डबा गेला आणि खिळा आला. कराडच्या घरात दाराशी एक फळी, तिला खिळे, प्रत्येक खिळ्याला सासूबाईंनी शिवलेली कापडाची पिशवी. चपला बाहेर, फोन खिळ्यावर, माणूस आत. फोन वाजला की उठून दाराशी जायचं, बोलायचं, परत अडकवायचा. एका साखर कारखान्याचे संचालक आले होते, कडक इस्त्री, मागं दोन माणसं. मामांनी त्यांचाही फोन काढून घेतला. ते हसून म्हणाले, “तात्या, माझ्या फोनवर मंत्र्यांचा फोन येतो.” मामा म्हणाले, “यिऊ द्या की. त्यांस्नीबी सांगा हातभर ऱ्हावा.” संचालकसाहेब दोन वेळा उठले आणि तिसऱ्या वेळी, वाजू दे म्हणाले. अर्धा तास नुसत्या गप्पा मारल्या. जाताना म्हणाले, बऱ्याच दिवसांनी कुणाशी तरी नीट बोललो.

आमची लेक चालायला लागली त्याच सुमारास मामा गेले. सकाळी परसात पपईच्या रोपाला पाणी घालत होते. छातीत दुखतंय म्हणाले आणि तिथंच बसले, ते उठलेच नाहीत. ज्या काळजाला त्यांनी इतकं जपायला लावलं ते माझं होतं. स्वतःच्या काळजाचं त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. मला फार राग आला त्यांचा.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. सुनंदा आणि मी दाराशी बसलो होतो, लेक आमच्यामध्ये सतरंजीवर झोपलेली. माझ्या मनात आलं, ते गुपित आता जगात एकट्या माझ्याकडं उरलंय, आणि ते काही मला एकट्याला पेलेना. मी सगळं सांगून टाकलं. शेठजी, सौदे, धरण, पपई.

सुनंदा ऐकत राहिली आणि रडता रडता खुदकन हसली.

“मला म्हाईत होतं.”

“कधीपासून?”

“पोहे बाहेर आणायच्या आधीपासून. तुमी फोनवर बोललात तसे अण्णा आत आले. म्हणाले, पोरगं थाप मारतंय, हितं टावर न्हाई. पण थाप मारताना त्येचे कान लाल हुत्यात. असला माणूस खोट्यात टिकत न्हाई. बघ तुला काय वाटतं. मी पडद्याआडून तुमचे कान बघितले आणि पोहे उचलले.”

“मग इतके दिवस तुम्ही दोघांनी मला भीत का ठेवलंत?”

“अण्णांनी शपथ घातली होती. म्हणाले, सांगशील तर फोन परत त्येच्या काळजावर जाईल.”

म्हणजे मला अडवणारी पपई पहिल्या दिवसापासूनच पोकळ होती. आता तर कुणाची आडकाठीही नव्हती. मी उठलो, खिळ्यावरची पिशवी काढली, फोन बाहेर घेतला आणि लेकीशेजारी येऊन बसलो. खिशात टाकणार होतो. मग तो सतरंजीवर ठेवला, लेकीच्या डोक्याशी कोपर टेकवलं आणि पंजा लांब केला. माझी बोटं सगळी सरळ आहेत, मला वरच्या दोन बोटांची गरज नव्हती. तरी ती लावली. फोन त्या मापाच्या अलीकडं येत होता.

उठून तो परत खिळ्याला अडकवला.