भोसरीच्या खोल्यांची ज्युरी

आर्किटेक्चर कॉलेजात पर्यावरणपूरक डिझाइन शिकवणं काय असतं ते मला विचारा. आमचं कॉलेज चाकणच्या वाटेवर, माळावर. पश्चिमेचं तोंड अख्खं काचेचं. दुपारी पडदे ओढायचे, मग अंधार होतो म्हणून दिवे लावायचे, तरी उकडतं म्हणून एसी, आणि त्या गारव्यात मी पोरांना सांगायचं की बाबांनो, ऊन-वारा ओळखायला शिका. पोरं तोंडावर हसत नाहीत ही त्यांची मेहेरबानी.

शेवटच्या वर्षाला माझ्याकडे एक मुलगी होती. वडील मूळचे मराठवाड्यातले, भोसरीत एका वर्कशॉपमध्ये कामाला. अख्खं घर पत्र्याच्या एका भाड्याच्या खोलीत. तिने प्रोजेक्ट घेतला तोच मुळी कामगारांच्या भाड्याच्या खोल्यांचा, भोसरीतल्याच एका खऱ्या प्लॉटवर. नाइट शिफ्ट करून आलेल्या माणसाला दुपारी झोप लागली पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं. म्हणून रस्त्याकडची पश्चिमेची बाजू बंद, तिथे जिने आणि न्हाणीघरं. खिडक्या सगळ्या उत्तरेला. मला तिचं काम आवडलं होतं, आणि मला सहसा काही आवडत नाही. घरून तिला बजावलेलं होतं: यंदा पास झालीस तर खुशाल नोकरी कर, नाही तर मामाने आणलेलं स्थळ आहेच.

ज्युरी ही आमच्या धंद्यातली जुनी रीत. मुलांनी रात्रंदिवस राबून काढलेले नकाशे भिंतीला लावायचे, आणि बाहेरून बोलावलेल्या बड्या आर्किटेक्टने त्यांच्यावर जाड लाल मार्करने सरळ रेघोट्या ओढायच्या. पोरं त्याला प्रसाद समजतात. त्या वर्षी आलेले गृहस्थ ग्रीन बिल्डिंगवाले. गाडीतून उतरल्यापासून तोंडात शाश्वत, शाश्वत. उंटावरचा शहाणा नुसता!

तिच्या नकाशापुढे ते आले आणि म्हणाले, "अगं, सगळ्या खिडक्या पश्चिमेला? माणसं भाजून काढायचीत का तुला?" मार्कर निघाला. खिडक्यांवर फुल्या पडल्या आणि सगळ्या खिडक्या रस्त्याच्या बाजूला गेल्या. "दक्षिणेला घे, वर छज्जा काढ. पहिल्या वर्षाला शिकवतात हे."

नकाशाची वरची बाजू म्हणजे उत्तर, असं ही मंडळी धरूनच चालतात. तिने रस्ता खालच्या अंगाला यावा म्हणून प्लॉट फिरवून काढला होता आणि उत्तरेचा बाण डावीकडे, चांगला ठळक दाखवला होता. साहेबांनी तो बघितलाच नव्हता. ते जिला दक्षिण म्हणत होते ती धडधडीत पश्चिम होती. मुलगी मान खाली घालून "हो सर, सॉरी सर" म्हणत होती. आमचे विभागप्रमुख छताकडे बघत होते. माझी मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

"सर, आधी बाण बघा," मी सगळ्यांसमोर म्हटलं. "उत्तर डावीकडे आहे. ऊन तुम्ही आत घेताय, तिने नाही."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी बाण बघितला, मार्करला टोपण लावलं आणि मग त्या पोरीला सोलून काढलं. जिना अरुंद, मॉडेल गबाळं, प्लॉट आडवा काढणं हा उद्धटपणा. नापास! विभागप्रमुख हातापाया पडले तेव्हा कुठे साहेब पुन्हा एकदा ज्युरी घ्यायला राजी झाले. जाताना मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही फार भावनिक होता." भावनिक! दिशा सांगणं भावनिक! कप्पाळ माझं.

मी मुलीला बजावलं, "एक रेघ बदलायची नाही. मी बसलेय ना." ती "हो मॅडम" म्हणाली.

दुसऱ्या ज्युरीला तिने नकाशे लावले आणि मला घेरी यायचीच बाकी राहिली. बाण वरच्या दिशेला, ताठ उभा. पोरीने कागदावर अख्ख्या प्लॉटची दिशाच बदलून टाकली होती. खिडक्या रस्त्याकडे, वर छज्जे, लाल रेघ होती तिथे आणि तशाच. खऱ्या भोसरीत त्या खोल्यांमध्ये दुपारी भाकरी भाजली असती. साहेब खूष. "बघा, सांगितलेलं ऐकलं की कसं होतं!" मी तोंड उघडलं तर तिने माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मी गप्प बसले. ती पास झाली, वर शाबासकी मिळाली.

विभागप्रमुखांनी ते नकाशे दर्शनी भिंतीवर लावले. 'आदर्श पर्यावरणपूरक प्रकल्प', आणि खाली मार्गदर्शक म्हणून माझं नाव. जाता-येता ते वाचून माझा जळफळाट व्हायचा. ती पेढे वाटायला आली तेव्हा मी तिला त्या भिंतीपाशीच गाठलं. "लाज नाही वाटली? वडील नाइट करून आले की त्या पत्र्याखाली कसे तळमळतात, तूच सांगितलं होतंस ना मला? आणि खोटा बाण काढलास?"

ती रडली-बिडली नाही. पेढ्यांचा डबा तिने खाली ठेवला.

"त्या दिवशी मी सॉरी सर म्हणत होते ना मॅडम," ती म्हणाली. "रेघा मारून ते पुढच्याकडे गेले असते. दोन मार्क कमी मिळाले असते, पण पास झाले असते, आणि माझ्या खिडक्या होत्या तिथेच राहिल्या असत्या. त्या रेघा नंतर कोण बघतंय? तुम्ही बोललात. आणि स्थळ माझ्यासाठी येणार होतं."