पेंडीच्या दुकानावरचा बैल

मी चौथी नापास. तरी कारंज्याच्या बाजारात तीस-पस्तीस वर्षं लोकांनी जी अक्षरं वाचली ती माझ्या हातची होती. अडते, किराणावाले, कापडवाले जैन सेठ, सगळ्यांच्या पाट्या मी रंगवल्या. एखादा मास्तर खाली थांबून म्हणायचा, "पेंटर, वेलांटी चुकली." मी शिडीवरूनच सांगायचो, "चुकली असंल गुर्जी, पन वाकडी हाये का ते सांगा." मास्तर चालू लागायचा.

मग फ्लेक्स आले. फ्लेक्स ही काही कला नव्हे, ती चादर आहे. कोण्या मुलखातल्या वाघाचा फोटो काढतात, तो पोराच्या वाढदिवसाला लावतात, तोच पुढाऱ्याच्या मागे, तोच तालमीच्या दारावर. ज्यांना साधा चुना कालवता येत नाही ते आता 'डिझायनर' झाले. माझ्या सगळ्या पाट्या दोन-चार वर्षांत उतरल्या. काही तर लोकांनी गोठ्याला आडोसा म्हणून लावल्या.

हे सांगतो यासाठी की माझ्याच घरात तसला उद्योग सुरू झाला. माझी सून शाळेत कॉम्प्युटर शिकवते आणि रविवारी घरी बसून मोबाइलवरचे गेम बनवते. त्याचा कोणी पैसा देत नाही, हौस आहे म्हणते. तिचं माहेर जऊळक्याचं. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून तिनं शंकरपट पाहिला होता, बैलजोड्यांची शर्यत. त्याचाच गेम तिनं केला आणि एका रविवारी मला बोलावलं.

"मामाजी, या. पाहा बरं कसा झाला."

मी चष्मा पुसून पाहिलं. दोन जनावरं छकड्याला जुंपून पळत होती.

"हे काय हाये व?"

"बैल."

"कोन म्हनते?"

"मामाजी, शिंगं हायेत ना त्याले!"

"शिंगं बकऱ्याले बी रायतात. वशिंड कुठी हाये याचं? जू कायच्यावर ठेवलं तू, शेपटावर?"

तिनं स्क्रीनजवळ तोंड नेलं. खरंच वशिंड नव्हतं. पाठ पाटासारखी सपाट. ते चित्र कोण्या परदेशी माणसाचं, नेटवर फुकट मिळालेलं. पळण्याचा आवाजही तसाच फुकटाचा, टपटप, टपटप. फरशीवर घोडा चालल्यागत. काळ्या मातीत बैल असा वाजतो का? जिनं लहानपणी पट पाहिला तिला हे कळू नये, याचा मला फार राग आला.

"समदे असंच करतेत मामाजी," ती म्हणाली. "चित्र एकाचं, आवाज दुसऱ्याचा, झाडं तिसऱ्याची. आपुन जोडाचं."

"म्हंजे चार घरून भाजी मागून आनाची, अन् सैपाक म्या केला म्हनाचं."

"मागून आनलं तं कोनाचं हाये ते खाली लिहितो ना आमी. नाव देल्याबिगर कोनी वापरत नाही."

मी हसलो. नाव लिहिल्यानं मागितलेली भाजी आपली होते का?

पण ती हौशी लोकांच्या कसल्याशा स्पर्धेत तो गेम पाठवणार होती, आणि बिनवशिंडाचा बैल माझ्या घरातून जगासमोर जाणं मला सोसवणारं नव्हतं. आधी आवाज मनावर घेतला. सरकीचं अर्धं भरलेलं पोतं ओसरीत आडवं टाकलं आणि दोन्ही मुठींनी कुटायला बसलो. धब-धब, धब-धब, अगदी मातीत पडणाऱ्या खुरासारखं. मधून धुरकरी बैलाला हाकारतो तसा "हो हो हो" हाकारा दिला. ती मोबाइल धरून बसली होती आणि हसू दाबून लाल झाली होती.

"मामाजी, हळू! पोतं फाटन!"

"पट जिंकाचा हाये का नाही तुले?"

शेवटी मला खोकला आला. तोही तिनं ठेवला. म्हणाली, पटात कोणीतरी खोकतंच.

बैलाचं काम मात्र आपोआप जमलं, असं तेव्हा वाटलं. बाजारात पेंडीच्या दुकानाच्या भिंतीवर मी एक बैल रंगवला होता. चाळीस वर्षांपूर्वीचा, पुरुषभर उंच, वशिंड डोंगरासारखं, एक पाय उचललेला. शेतकरी पोराला दाखवत, असा बैल पाहिजे. पुढे मालकाच्या पोरांनी त्यावर फ्लेक्स ठोकला. तो फ्लेक्स वाऱ्यानं फाटला आणि मागून माझा बैल निघाला. माझ्या हातचं गावात तेवढंच उरलं होतं. सुनेनं जाऊन फोटो काढला.

"मामाजी, आता हाच पळवतो मी."

"खाली माहं नाव टाकजो. बारीक नोको, ठसठशीत."

हे मी हट्टानं सांगितलं. पाट्या गेल्या, निदान या गेमात तरी नाव राहील.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिनं फोटो मोठा केला. बैल स्क्रीनभर झाला, आणि त्याच्या कडेकडेनं काळे ठिपके दिसले. मुंग्यांच्या रांगेसारखे, सारख्या अंतरावर, शिंगापासून खुरापर्यंत.

"हे काय हाये मामाजी?"

"रंगाले फोड येतेत," मी म्हणालो.

तिनं मान डोलावली आणि कामाला लागली. एक एक ठिपका मोठा करायचा, पुसायचा, आजूबाजूचा रंग तिथं भरायचा, पुढचा घ्यायचा. दिवसभर पोरांना शिकवून आलेली बाई. चहा बाजूला निवत होता. शिंगं झाली, कान झाला, मानेवर आली. माझा बैल स्वच्छ दिसावा म्हणून ती माझी थाप पुसत बसली होती, आणि मी मागे खाटेवर बसून पाहत होतो. वशिंडाशी ती आली तेव्हा मला पाहवेना.

"राहू दे," मी म्हणालो. "फोड नोहेत ते. खाका हाये."

खाका म्हणजे कागदावर चित्र काढून त्याच्या रेघेवर सुईनं भोकं पाडायची. कागद भिंतीला लावायचा आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी त्यावर आपटायची. भिंतीवर ठिपके उमटतात, ते जोडले की चित्र. वरचा रंग झिजला की तेच ठिपके परत दिसू लागतात. तो बैल माझ्या उस्तादाचा होता. त्यांनी तो पोळ्याला खऱ्या बैलासमोर बसून काढला होता. आम्हा पेंटर लोकांत रीत अशी की दुसऱ्याच्या खाक्यावर काम केलं तर कोपऱ्यात आपलं नाव घालायचं नाही. मी खाका न विचारता नेला आणि नाव घातलं. उस्ताद एकदा त्या भिंतीसमोर सायकल धरून उभे राहिले. कोपऱ्यातलं माझं नाव वाचलं. मला एवढंच म्हणाले, "खाका घरी आनून ठेव." मी ठेवला नाही. ते गेले तरी तो माझ्याच पेटीत राहिला. आणि मी फ्लेक्सवाल्यांना चोट्टे म्हणत फिरलो.

सुनेनं सगळं ऐकलं. रागावली नाही, पण शिक्षिका आहे ती.

"त्यायनं देल्ता का तुमाले, का तुमी घेतला?"

"घेतला."

"मंग नाही चालत मामाजी. देलेलं चालते. घेतलेलं नाही."

"अन् माहं नाव?"

"राहीन ना. पोत्यापाशी."

म्हणजे तीस-पस्तीस वर्षं बाजार रंगवून माझं नाव राहणार सरकीचं पोतं कुटल्याबद्दल! मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी पाहिलं, गेमात तो सपाट पाठीचा बैल परत आला होता. मी पेटीतून ब्रश काढला.

शेजाऱ्याच्या गोठ्यासमोर खुर्ची टाकून बसलो. हात थरथरतो. आणि खाक्याशिवाय बैल मी जन्मात काढला नव्हता, हे तिथं बसल्यावर कळलं. तीन कागद फाडले. चौथ्यावर जे उतरलं त्याचे पाय जाड, मान जरा आखूड, रेघ सगळीकडे थरथरलेली. पण वशिंड होतं, आणि जू जिथं बसायचं तिथं बसत होतं. मी कोपऱ्यात नाव घातलं.

गेम गेला. नंबर आला नाही. खाली कोणीतरी लिहिलं, आवाज एकदम खरा वाटतो. दुसऱ्यानं लिहिलं, बैलाला थंडी वाजते का? पट न पाहिलेली माणसं, काय बोलणार.

मग सुनेनं विचारलं, "मामाजी, तुमचा बैल नेटवर ठेवू का? दुसऱ्यायले कामी येईन."

"फुकट?"

"फुकट. फक्त तुमचं नाव लिहा लागंल त्यायले."

मला उस्तादांची सायकल आठवली.

"ठेव," मी म्हणालो. "म्या देला म्हनून लिही. घेतला नोको म्हनू कोनी."

आतापर्यंत दोघांनी नेला. दोघांनी नाव लिहिलं, सुनेनं दाखवलं. त्यातल्या एकानं मात्र माझ्या बैलाला हिरवा रंग दिला आहे. गाढव.