दिवाळीचा उंचवटा नसलेली वही

सोळा जानेवारी, मंगळवार, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. स्टेशन डायरीतली ही माझ्या हातची नोंद अजून मनातून पुसली गेलेली नाही. त्या वेळी मी शिरूर तालुक्यात पोलीस उपनिरीक्षक होते. संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून खात्यात आले होते आणि पाच वर्षांनी राजीनामा देऊन बाहेर पडले. या प्रकरणातील व्यक्तींची आणि गावाची नावे देणार नाही.

केंदूर-पाबळ भागातील एका गावच्या दूध संस्थेच्या गोदामातून पशुखाद्याची बत्तीस पोती गेली होती. मागच्या भिंतीचा पत्रा दोन ठिकाणी सैल करून महिनाभरात थोडी थोडी पोती काढलेली दिसत होती. हा माल नव्या लॉटचा होता. रचून ठेवला होता, पण त्यातले एकही पोते विक्रीला काढलेले नव्हते. जानेवारीत साठा मोजला तेव्हा चोरी उघड झाली.

त्या सकाळी गावचा किराणा दुकानदार ठाण्यात आला. सारे गाव त्याला आप्पा म्हणे.

"मॅडम, मी कुणाचं वाईट बोलत न्हाई," खुर्चीवर बसत तो म्हणाला. "पण गोदामाचा रखवालदार डिसेंबरात डबल माल न्ह्यायला लागला. मैदा, डालडा, साखर, सुकं खोबरं. पगार त्योच, मंग पैसा कुठनं आला?"

माझ्यासोबतचे हवालदार छत्तीस वर्षांच्या नोकरीचे. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. "मॅडम, चोरी लपवता येती, खर्च न्हाई लपत."

रखवालदार पन्नाशीचा, मूळचा दौंडचा, दोन वर्षांपूर्वी पत्नीसह गावात आलेला. नाव-आडनाव तालुक्यात कुठेही आढळावे असे. चौकशीत तो थोडक्यात बोलला.

"सणाचं सामान व्हतं, साहेब."

"कसला सण?" हवालदार म्हणाले. "दिवाळी होऊन महिना झाला व्हता आन् संक्रांत लांब व्हती. आमाला काय पंचांग कळत न्हाई व्हय?"

त्यानंतर तो गप्प झाला. पोलिसांच्या सवयीने त्या गप्प बसण्याचा अर्थ मीही लावला.

मला हे प्रकरण लवकर उकलायचे होते. ठाण्यातल्या लोकांना माझी पदवी थट्टेचा विषय वाटे, आणि ती उपयोगी आहे हे मला दाखवायचे होते. मी आप्पाची उधारीची वही मागवली. जुलै ते नोव्हेंबर रखवालदाराची आठवड्याची सरासरी खरेदी सहाशे वीस रुपये होती. डिसेंबरच्या चार आठवड्यांत ती नऊशे ऐंशी झाली.

अशा चाचणीची सुरुवात शून्य परिकल्पनेने होते. काहीही बदललेले नाही आणि दिसणारा फरक केवळ योगायोगाचा आहे, असे आधी गृहीत धरायचे. आरोपीला निर्दोष मानून खटला सुरू करण्यासारखेच हे आहे. मग इतका फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता किती, ते काढायचे. माझे उत्तर शंभरात एकाहूनही कमी आले.

"वाढ योगायोगाची नाही," मी हवालदारांना सांगितले. वाक्य गणिताच्या दृष्टीने अचूक होते. संध्याकाळपर्यंत ते गावात पोहोचले ते असे: मॅडमनी कॉम्प्युटरवर चोर काढला. दुसऱ्या दिवशी संस्थेने रखवालदाराला कामावरून थांबवले आणि गोदामाशेजारची खोली चार दिवसांत रिकामी करायला सांगितले.

अटकेचा प्रस्ताव लिहिताना सोबत जोडण्यासाठी मी आठवड्यांचा आलेख काढला. तो पाहताना हात थांबला. गावातल्या कोणत्याही कुटुंबाची वही उघडली तर दिवाळीच्या आठवड्यात खरेदीचा उंचवटा दिसतो. या वहीत तो नव्हताच. दिवाळीत या माणसाने नेहमीइतकेच तेल आणि नेहमीइतकीच साखर नेली होती. आकडे पहिल्या दिवसापासून माझ्यासमोर होते. मला हवा होता तेवढाच फरक मी पाहिला होता.

मी आधीच्या वर्षाची वही मागवली. त्याही डिसेंबरात सरासरी नऊशे पंचावन्न होती. त्या वर्षी गोदामातून काहीच गेले नव्हते.

मी थेट त्याच्या खोलीवर गेले. नवरा-बायको भांडी पोत्यात भरत होते.

"तुम्ही ख्रिस्ती आहात का?"

"व्हय," तो म्हणाला. "आजोबापासनं. दौंडात आमची समदी आळीच हाय."

"मग नाताळचं सामान होतं, हे स्पष्ट का नाही सांगितलंत?"

"सण म्हणालो की मॅडम. साहेबांनी पंचांग काढलं. आमचा सण त्यात न्हाई, मंग काय बोलू?"

त्याची पत्नी हातातले पातेले न ठेवता म्हणाली, "करंज्याचं ताट आप्पाच्या घरी सुदिक धाडलं व्हतं. खाल्ल्या त्यांनी. कशाच्या म्हून इचारलं न्हाई."

खोली सोडायला अजून दोन दिवस होते. खरा चोर सापडल्याशिवाय संस्था निर्णय बदलणार नव्हती. परत येताना जीपमध्ये हवालदार वैतागले होते.

"माल चोरला की माणूस मटण आणतो, मोबाइल घेतो. चोरी करून ज्याचा खर्च वाढला न्हाई, असा चोर मी जन्मात पाह्यला न्हाई."

"पण हवालदार, पेंड चोरणारा ती विकेलच कशाला? त्याच्या गाई खातील."

हवालदारांनी मांडीवर थाप मारली. "म्हंजी त्यो पेंड इकत घ्यायचा थांबंल!"

आम्ही सगळे फक्त वाढ शोधत होतो. घट कुणी तपासलीच नव्हती. संख्याशास्त्रात एकतर्फी आणि दुतर्फी चाचणी असा भेद शिकवतात. परीक्षेत मला त्यात पूर्ण गुण होते.

संस्था सभासदांना पशुखाद्य देते आणि त्याची रक्कम दर दहा दिवसांच्या दूध बिलातून कापते, त्यामुळे नोंदी तयारच होत्या. एक्केचाळीस सभासदांचा पेंडीवरचा सरासरी खर्च मी चोरी सुरू होण्याआधीचा आणि नंतरचा असा तपासला. एवढ्या लोकांना एकच चाळणी लावली की एक-दोन जण विनाकारणही त्यात अडकतात, म्हणून या वेळी कोणालाही काही सांगितले नाही. दोन नावे वर आली. पहिल्याने गाई विकल्या होत्या आणि त्याचे दूधही तेवढेच घटले होते. दुसऱ्याची पोती दहा दिवसांना आठवरून तीनवर आली होती. दूध मात्र तसूभरही कमी नव्हते.

हा दुसरा म्हणजे गावातील मानाचे बागायतदार, सर्वांचे आबा. रखवालदाराला काढा, असे संस्थेच्या बैठकीत सर्वांत मोठ्याने तेच बोलले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पंच घेऊन आम्ही त्यांच्या गोठ्यावर गेलो.

"आबा, पेंड कमी नेता हल्ली?"

"घरची मका भरडतो."

"कुठे भरडता?"

"गावच्या चक्कीवर."

"ती चक्की बंद हाय की आबा," हवालदार म्हणाले. "मोटार जळली त्याला दोन म्हैनं झालं."

आबा सावरून बसले. "आन् मॅडम, हिशेबावरनं कुणाला चोर म्हणता येतं व्हय?"

"नाही येत," मी म्हणाले. "म्हणूनच गोठा पाहायला आले आहे."

उत्तरेच्या बाजूला गार वारे अडवण्यासाठी रिकामी पोती उसवून, जोडून शिवलेला पडदा टांगला होता. पोती नवीकोरी दिसत होती. एकावर उलटा छापील लॉट क्रमांक दिसला. मान वाकडी करून मी तो वाचला आणि संस्थेच्या पावतीशी ताडून पाहिला. तोच लॉट, ज्यातले एकही पोते विकले गेले नव्हते.

"आबा, चोरीची पोती लोक जाळत्यात," हवालदार म्हणाले. "तुमी पडदा शिवला!"

"चांगली पोती जाळवत्यात का?" आबा खाली बघत बोलले. मग पंचांसमोर सारे सांगितले. पंचनामा झाला, पडदा जप्त झाला आणि वैरणीखालची सात भरलेली पोतीही मिळाली.

रखवालदाराला संस्थेने त्याच पगारावर परत घेतले. खोलीही राहिली. माझ्या नावे प्रशंसापत्र आले, ते मी घेतले.

या प्रकरणाने मला शिकवले ते असे. सरासरी बदलली आहे की नाही, एवढेच चाचणी सांगते. का बदलली, हे माणसाला विचारावे लागते, आणि त्याने उत्तर दिले की ते ऐकूनही घ्यावे लागते. माझे गणित पहिल्या दिवशीही बरोबर होते. त्या बरोबर गणिताने एका निर्दोष माणसाला भांडी पोत्यात भरायला लावली.

एप्रिलमध्ये एका तक्रारीसाठी त्याच गावात गेले होते. आप्पाच्या दुकानात थांबले.

"त्यो रखवालदार आता मोजकंच न्हेतो, मॅडम," आप्पा म्हणाला. "मी म्हणालो, घे की बाबा, माझा भरवसा हाय. तर म्हणतो, आप्पा, तुमची वही पोलीस वाचत्यात."

मी वही मागितली. आप्पाने ती पुढे सरकवली. फेब्रुवारी-मार्चचे आठवडे मी तिथेच उभ्याने जोडले आणि भागले. चाचणी केली नाही, कारण या वेळी कारण मला ठाऊक होते. डायरीत फक्त आकडा लिहिला: आठ आठवडे, सरासरी तीनशे पंच्याऐंशी रुपये.