कनिष्ठेच्या डोळ्यांसाठी जबलपूरला

भेडाघाटला जायला कोणता महिना चांगला, असं या ब्लॉगवर मला सारखं कोणीतरी विचारत असतं. आता एकदाच सांगून टाकते. मी जबलपूरला आयुष्यात एकदाच गेले, आठ दिवस राहिले आणि भेडाघाट पाहिला नाही. पावसाळ्यात नर्मदा दुथडी भरून वाहते आणि नावा बंद असतात, हे मला तिथे पोचल्यावर कळलं. तेव्हा जायचं तर दिवाळीनंतर जा. पुढची हकीकत भेडाघाटच्या संगमरवराची नाही, लाकडाची आहे. ती सांगताना माझी थोडी चिडचिड होईल, कारण साठ वर्षं झाली तरी ती पुरती गेलेली नाही.

पासष्ट साल. आमच्या नागपूरच्या घरी महालक्ष्म्या बसतात. पुण्याकडे त्यांना गौरी म्हणतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी. आमचे मुखवटे लाकडाचे, आजोबांनी स्वतः कोरलेले, आणि कोरताना त्यांनी आपल्या दोन मुलींना समोर बसवलं होतं. ज्येष्ठेचा चेहरा सरू आत्याचा, कनिष्ठेचा धाकट्या कुसुमचा. कुसुम अकराव्या वर्षी विषमज्वरानं गेली. तिचा फोटो कधी कोणी काढलाच नव्हता. सरू आत्या दरवर्षी महालक्ष्म्यांना यायची, आल्या आल्या कनिष्ठेसमोर जरा वेळ बसायची आणि मग पदर खोचून पुरण वाटायला लागायची. त्या श्रावणात आईनं पेटी उघडली तर कनिष्ठेला वाळवी लागलेली. हनुवटी तेवढी शिल्लक होती.

आईनं पेटी पुन्हा बंद केली. संध्याकाळी म्हणाली, "आत्याला कळवायचं नाही. ती यायच्या आत नवी करून आणायची."

करणार कोण, तर जबलपूरचे वसंतकाका. आजोबांचे चिरंजीव, कुसुमहून दोन वर्षांनी मोठे, म्हणजे तिचा चेहरा आठवणारे. शिवाय तिथल्या तोफगाड्यांच्या फॅक्टरीत पॅटर्नमेकर. तोफेच्या गाड्याचा जो भाग ओतायचा असतो, तो आधी हातानं लाकडात घडवतात, वाळूत दाबून त्याचा साचा घेतात आणि त्यात धातू ओततात. लाकूड घडवण्याचं ते काम काकांचं. आणि आणायला जाणार मी, कारण दोघींना काजळ घालायचं काम दहाव्या वर्षापासून माझ्याकडे होतं. चेहरे मला पाठ आहेत, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

मी म्हटलं, नमुन्याला ज्येष्ठा सोबत देतेस का? आईनं माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका. देवी काय पॅसेंजर गाडीत बाकाखाली ठेवायची? मग मी शाळेची फूटपट्टी घेऊन ज्येष्ठेचं एकेक माप वहीत उतरवलं. कपाळ, नाक, दोन डोळ्यांमधलं अंतर, डोक्याची रुंदी. दोघी एकाच मापाच्या होत्या, मुकुट अदलाबदल करूनही बसायचे. ही फूटपट्टी लक्षात ठेवा. मी ठेवली नाही.

नागपूरहून गोंदिया आणि गोंदियाहून छोट्या लाइनीनं नैनपूरवरून जबलपूर, असा रस्ता बाबांनी ठरवला, कारण तो नकाशावर सरळ दिसत होता. आता तिथे मोठी लाइन झाली आहे, तुम्हाला त्रास नाही. त्या छोट्या गाडीतून मात्र उतरून, फुलं तोडून, पुन्हा चढता आलं असतं. डबाभर कोळशाची पूड, खिडकी लावली की घाम, उघडली की पाऊस. बालाघाटच्या पुढचं जंगल फार सुंदर आहे असं म्हणतात. माझ्या डोळ्यांत कोळसा गेला होता, त्यामुळे मी त्यातलं फारसं पाहिलं नाही. नैनपूरला पानाच्या द्रोणात भजी मिळाली, ती मात्र अजून आठवतात.

काकांचं घर चेरीतालला, दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. काकूनं दारातच सांगितलं, "ये शालू, ये. पण तुझे काका काही घरी नाहीत हं. काश्मीरकडे सुरू झालंय ना सगळं, तर बारा-बारा तास बोलावून राहिले. रविवारची सुट्टी पण बंद."

म्हणजे मी आठ दिवसांसाठी आले होते आणि माणूसच कामावर. काका अंधार पडल्यावर आले, सायकल लावली, माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला लाकडाचा वास होता. वही पाहून म्हणाले, "काहून तोंड पाडून राहिली? होऊन जाईल. सकाळी भोंगा व्हायच्या आधी दोन तास आपले."

मग खिशातून एक पितळी पट्टी काढून त्यांनी मला तिची थोरवी ऐकवली. ओतलेला धातू निवला की आकसतो, म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच मुळात थोडी मोठी असते. तिच्यावरचा इंच बाजारातल्या इंचापेक्षा जास्त. "हिच्याशिवाय मी चमचासुद्धा मापत नाही," काका म्हणाले. मी दोन दिवसांच्या प्रवासानं पेंगत होते. अच्छा, अच्छा म्हणत राहिले.

दुसरा दिवस लाकडात गेला. पावसानं शहरातलं सगळं लाकूड ओलं, आणि ओल्यात कोरलेला चेहरा वाळला की तडकतो. काका म्हणाले, सिहोऱ्याला बैलगाड्या करणारा एक सुतार आहे, त्याच्याकडे शिवण झाडाचा जुना सुका ओंडका नक्की असेल. काकांना रजा नाही, म्हणून काकू आणि मी बसनं निघालो. बस सुटायला दीड तास, पोचायला दोन. सुतार जेवायला गेलेला. आला तो म्हणाला, "भैया को बोलना, ये टुकड़ा मैंने अपने लिए रखा था." काकूनं त्याच्या मुलीच्या लग्नाची चौकशी केली, त्याच्या आईच्या गुडघ्यांची केली, माझं लग्न अजून कसं झालं नाही हेही त्याला सांगितलं आणि शेवटी तो ओंडका मिळाला. परतीच्या बसमध्ये तो पोत्यात गुंडाळून माझ्या मांडीवर होता. सिहोऱ्याबद्दल मी एवढंच सांगू शकते की तिथे बसस्टँडवर चहा चांगला मिळतो.

तिसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं आणि पहिल्या दोन सकाळी मी गप्प झाले, कारण बघण्यासारखं होतं. माझ्या वहीतून आकडा वाचायचा, पितळी पट्टीनं खूण करायची, पटाशी लावायची. दोन्ही बाजू थोड्या थोड्या एकदम खाली आणायच्या. एक गाल पूर्ण करून दुसऱ्याकडे वळायचं नाही, नाहीतर जुळणी कधीच होत नाही. आधी नाकाचा कणा, मग त्याच्या दोन्ही अंगांना डोळ्यांचे खड्डे, मग खड्ड्यात डोळ्याचा भरीव गोळा तसाच राखायचा. गोल पटाशीखालून शिवणीचे पांढरट कपटे निघायचे. चौथ्या दिवशी कुसुमची हनुवटी आली. खालचा ओठ किंचित पुढे आलेला, तो काकांनी मला न विचारताच काढला.

"रुसली की अस्सा करायची," ते म्हणाले, आणि भोंगा झाला.

चेहरा इतका चांगला उतरला होता, म्हणूनच डोळ्यांचा मला जास्त राग आला. पापण्या होत्या, बुबुळं होती, डावी पापणी जरा जड होती तीही काकांना आठवली होती. पण कनिष्ठा कुणाकडे बघतच नव्हती. काकांनी काचकागदानं घासून सगळं गुळगुळीत केलं होतं. मी म्हटलं, काका, हिला दिसत नाही. ते म्हणाले, रंग दिला की दिसेल. मी म्हटलं, ज्येष्ठेचा रंग उडाला तरी तिला दिसतं. त्यावर त्यांनी सायकल काढली.

दोन सकाळी हेच चाललं. ते घासत, मी तक्रार करत, आणि नेमकं काय चुकलंय हे मला सांगता येत नव्हतं. घरी भाद्रपदातल्या पंचमीपर्यंत पोचायचं होतं. सहाव्या दिवशी काकू मला कंटाळून सदर बाजारात घेऊन गेली. खोव्याची जिलबी खायला घातली, काळी, जड, रसात भिजलेली. जबलपूरला गेलात तर ती सोडू नका. मी तीन खाल्ल्या आणि तिथेही कुरकुर केली. काकू म्हणाली, "काय गं, तू काजळ घालतेस ना दरवर्षी? मग घालून बघ ना एकदा. आम्ही तर पोरीला काजळ घातल्याशिवाय कोणाला दाखवत नाही."

सातव्या दिवशी सकाळी मी काकूच्या डबीतलं काजळ बोटावर घेतलं आणि कनिष्ठेच्या वरच्या पापणीखाली फिरवलं. दहा वर्षं फिरवलं होतं तसंच. काजळ थांबलं नाही. सगळं बुबुळावर पसरलं. तेव्हा माझ्या बोटाला कळलं. आजोबांच्या मुखवट्यात पापणीच्या कडेखाली आत वळलेली खाच होती. काजळ त्या खाचेत बसायचं, आणि काजळ नसलं तरी पापणीची सावली डोळ्यावर पडायची. इथे खाच नव्हतीच. पापणी उतरणीसारखी डोळ्यावर येऊन टेकली होती.

काकांनी बोट लावून पाहिलं, दुसऱ्या पापणीलाही लावलं.

"तीस वर्षं हाताला एकच शिकवलं बेटा," मग ते म्हणाले. "नमुना वाळूतून सुटला पाहिजे. कुठे आत वळलं की तो वर येताना वाळू उखडते, साचा गेला. म्हणून आत वळायचंच नाही. सगळं बाहेर उतरतं ठेवायचं. मला आता आठवूनसुद्धा नाही राहिलं की मी तसं करून राहिलो."

"पण ही वाळूत जाणार नाही, काका."

"ते मला कळतं. हाताला कुठे कळतं?"

त्यांनी बारीक सुरी घेतली, टोक पापणीखाली नेलं आणि प्रत्येक वेळी मनगट आपोआप बाहेर वळलं. तीनदा झालं. चौथ्यांदा त्यांनी सुरी खाली ठेवली. त्यांचे डोळे भरले होते. मला राग काढायला दुसरं कोणी उरलं नाही, तेव्हा मी सुरी उचलली. मी आयुष्यात कांदा सोडून काही कापलं नव्हतं.

"टोक मी धरते," मी म्हटलं. "काजळाचं बोट जातं तिकडे मी नेते. तुम्ही मागून दाब द्या."

माझ्या मुठीवर त्यांची मूठ. उजवी पापणी थोडी, मग डावी थोडी, पुन्हा उजवी. केसाएवढे कपटे. भोंगा झाला. काका उठले नाहीत. काकू दारात येऊन उभी राहिली. तीस वर्षांत पहिल्यांदा ते उशिरा कामावर गेले, असं ती नंतर म्हणाली. जायच्या आधी त्यांनी मुखवटा भिंतीशी उभा केला, दोन पावलं मागे सरले आणि हलकेच म्हणाले, "कुसे."

ती बघत होती. मी परतीचं तिकीट काढलं.

नागपूरला पंचमीला पोचले. आईनं मुखवटा पाहिला, तोंडाला पदर लावला, रंगवून घेतला. महालक्ष्म्या बसायच्या दिवशी सरू आत्या स्टेशनवरून आली ती थेट आतच, आणि नेमकी त्याच वेळी आई कनिष्ठेला मुकुट घालत होती. मुकुट बसेना. आईनं फिरवून पाहिला, दाबून पाहिला. ज्येष्ठेचा घालून पाहिला. तोही वरच अडला. सुतारी भाषेत एक सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कनिष्ठा मोठी झाली होती.

मग मला ती पितळी पट्टी आठवली. माझ्या फूटपट्टीचे इंच काकांनी आपल्या मोठ्या इंचांनी मोजले होते. मी शेजारी बसून रोज आकडे वाचून दाखवले होते, आणि थोरवी मला पहिल्याच दिवशी ऐकवलेली होती. इतका स्वतःचा राग मला पुन्हा कधी आला नाही. मी रडत सगळं सांगून टाकलं, वाळवीसकट.

आत्यानं मुखवटा आईच्या हातून घेऊन मांडीवर ठेवला. खालच्या ओठावरून बोट फिरवलं. जड पापणीखाली नख घालून पाहिलं.

"बेचाळीस वर्षं झाली," ती म्हणाली. "वाढली असेल." मग काळा दोरा मागून घेतला आणि मुकुट मागच्या बाजूनं बांधून टाकला.

मी काकांना पत्र घातलं. उलट टपाली उत्तर आलं की पट्टीचा घोटाळा माझाच, लाज वाटते, मुखवटा पाठव, एक सूत तासून परत करतो. आत्या तोवर आमच्याकडेच राहिली होती, तिला मी ते पत्र वाचून दाखवलं. ती पुरण वाटत होती, हात थांबवला नाही.

"त्याला लिही," ती म्हणाली, "पोरीला आता कोणी लहान करायचं नाही."